आत्याच्या दारातली फळी

॥ श्री ॥
शनिशिंगणापूर,
१० सप्टेंबर २०२५

चि. रोहिणीस बनुआत्याचे पोटभर आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. फोन न करता पत्र घालतेस हे बरं करतेस. माझे कान आता पार गेले. फोनवर मी नुसतं बरं बरं म्हणत बसते.

पण पोरी, तू जे मागितलंस ते वाचून मी चक्रावलेच. दारातली फळी? आमच्या गावात घरांना दारं नसतात, म्हणून कुत्री-मांजरं शिरू नयेत एवढ्यासाठी आडवी लावायची ती साधी फळी. ती तू नगरला प्रदर्शनात मांडणार, आणि माणसं मुद्दाम बघायला येणार? मग त्यांनी इकडंच यावं की, चहा तरी मिळेल. शेजारच्या छबूबाईला सांगितलं, तर ती म्हणाली, शिकलेल्या पोरींचं असंच असतं.

तरी बन्सीच्या टेम्पोत घालून पाठवली आहे. आमच्या ह्यांनी ती जुन्या बैलगाडीच्या लाकडातून केलेली, तेव्हा जपून ठेव.

तुझ्या बापाला म्हणावं, लेकीच्या प्रदर्शनाला तरी जा. हे गेले तेव्हापासून सूर्यभाननं माझ्या घरात पाऊल टाकलेलं नाही. दर भाऊबीजेला पाट मांडते आणि शेवटी चंद्राला ओवाळते. पाठचा भाऊ जिवंत असताना ही पाळी का, ते मला अजून कळलेलं नाही.

आत्याला विसरू नकोस, एवढंच मागणं.
तुझी,
बनुआत्या

॥ श्री ॥
अहिल्यानगर,
१९ सप्टेंबर २०२५

ती. स्व. आत्यास, रोहिणीचा शि. सा. न. वि. वि.

फळी सुखरूप आली. बन्सीदादांनी ती गोधडीत गुंडाळली होती. गॅलरीत उतरवताना ते दोनदा विचारून गेले की दुकान नक्की कसलं आहे.

आम्ही पाचजण मिळून हे प्रदर्शन करतोय, विषय आहे ‘घर’. चौघांची चित्रं बाहेरच्या भिंतींवर आहेत. मला आतली लहान खोली मिळाली. ती तुझ्या घरासारखी निळी रंगवली, एक चटई टाकली, तांब्याभर पाणी ठेवलं आणि दारात तुझी फळी आडवी लावली. लोकांनी ती सरकवून आत यावं, बसावं, पाणी प्यावं, एवढंच माझं काम. याला चित्र म्हणायचं की नाही, हे मलाही नीटसं सांगता येत नाही. आई म्हणते, निदान रंग तरी दिलास.

आता तुझं कोडं. संगमनेरला घरी गेले होते तेव्हा धीर करून बाबांना विचारलं. म्हणाले, आतोबा गेल्यानंतरच्या पहिल्या भाऊबीजेला ते साडी घेऊन आले होते, पण अक्कानं, म्हणजे तू, दार लावून घेतलं होतं. आत्या, तुझ्या घराला दारच नाही, मग तू लावलंस काय? मी तसं म्हटलं, तर ते उठून गोठ्यात निघून गेले. माझं डोकं चालेनासं झालंय.

माया आहे ती तशीच राहू दे.
तुझी,
रोहिणी

॥ श्री ॥
शनिशिंगणापूर,
२५ सप्टेंबर २०२५

चि. रोहिणीस आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं, पुन्हा वाचलं, मग छबूबाईकडून मोठ्यानं वाचून घेतलं. सूर्यभान आला होता? माझ्या दारापर्यंत? आणि मला पत्ता नाही?

त्या वर्षी हे गेले त्या दुःखात माझं त्याच्याशी थोडं वाजलं होतं, हे खरं. तो म्हणाला, आता एकटी राहू नको, संगमनेरला चल. मी म्हणाले, मी माझ्या घरातून हलणार नाही. पण म्हणून का मी भावाला बाहेर ठेवीन? आधी मला रागच आला, त्याला चांगलं बोलून घ्यावंसं वाटलं. मग सुचलं. हे होते तेव्हा ओट्यावर बसलेले असायचे. भाऊ लांबून दिसला की फळी आधीच बाजूला. म्हणजे सूर्यभाननं ती आडवी कधी बघितलीच नसेल, त्या दिवशी बघून त्याला मी दार लावलं असं वाटलं असेल. अगं, घरचं माणूस बाहेर हाका मारत उभं राहत नाही, फळी सरकवून आत येतं. एवढं त्याला ठाऊक नसावं?

आणि तो हाक मारत असेल तर मी मागं चुलीशी असणार. कान तेव्हाच जायला लागले होते.

हे त्याला सांग. नको, सांगू नकोस. मलाच काही सुधरत नाही, तू बघ.

आत्याचा जीव तुझ्यात आहे, जपून राहा.
तुझी,
बनुआत्या

॥ श्री ॥
अहिल्यानगर,
६ ऑक्टोबर २०२५

ती. स्व. आत्यास शि. सा. न. वि. वि.

प्रदर्शन लागलं आणि माझी फजितीच झाली. गॅलरीच्या पंकजाताईंनी नियमाप्रमाणे सगळ्या कामांशेजारी ‘हात लावू नये’ अशी पाटी लावली, तशी फळीशेजारीही. मग काय, लोक यायचे, फळीकडे मान वाकडी करून बघायचे, फोटो काढायचे आणि जायचे. आत कुणीच जाईना. एका बाईंनी तर विचारलं, खोलीचं काम चालू आहे का. पाटी काढा म्हणून मी सांगितलं, पण नियम तो नियम.

काल बाबा आले. चित्रांपुढून भराभर चालत गेले आणि फळीपाशी थबकले. त्यांनी ती ओळखली. पाटी वाचूनही लाकडावरून हात फिरवला आणि मला विचारलं, ही इथं आडवी का? मी तू लिहिलेलं सगळं सांगितलं. कानांचंही. ते इतकंच म्हणाले की त्या दिवशी आतून भांड्यांचा आवाज येत होता. अक्का घरात आहे आणि ओ देत नाही, असं त्यांनी धरलं होतं.

आणि आत्या, त्यांनी फळी सरकवली. पंकजाताई ओरडत धावल्या, मी त्यांचा हात धरून ठेवला. बाबा चपला बाहेर काढून आत गेले, चटईवर बसले, तांब्यातलं पाणी वरून प्यायले आणि धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले. लोकांना वाटलं, हा प्रदर्शनाचाच भाग. त्यांनी टाळ्या वाजवल्या! मला हसावं की रडावं कळेना, मी दोन्ही केलं. नंतर एकेकजण चपला काढून आत जायला लागला.

आई सांगत होती, ती साडी अजून पेटीत आहे. प्रदर्शन संपलं की फळी पाठवू का?

तुझ्या मायेच्या भरवशावर,
रोहिणी

॥ श्री ॥
शनिशिंगणापूर,
११ ऑक्टोबर २०२५

चि. रोहिणीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र छबूबाईला वाचायला दिलं नाही. माझं मीच वाचलं.

माणसांनी टाळ्या का वाजवल्या, ते मला अजून समजलं नाही. पाणी प्यायल्याबद्दल कुणी टाळ्या वाजवतं का? असू दे. तुझं हे प्रदर्शन मला कळायचं नाही, पण तू चांगलं केलंस बाई.

सूर्यभानला म्हणावं, साडीला वास लागला असेल तर तशीच आण, उन्हात मी टाकीन. आणि येताना हाका मारत बसू नको, मला ऐकू यायचं नाही.

फळी इतक्यात पाठवू नकोस, भाऊबीज झाल्यावर बघू. फळी गेल्यापासून दोन कुत्री घरात येऊन-जाऊन आहेत, एकानं भाकरीही पळवली. येऊ देत. यंदा मला दारात काही आडवं नको.

वाट बघणारी,
बनुआत्या