दहाव्या असिस्टच्या चार दुरुस्त्यांबाबत

प्रति,
मा. मुख्य नोंदी अधिकारी,
व्यावसायिक बास्केटबॉल लीग,
मध्यवर्ती कार्यालय, दुसरा मजला.

विषय : हंगामातील शेवटच्या घरच्या सामन्याच्या आकडेपत्रकात केलेल्या चारही दुरुस्त्या रद्द करून मूळ पत्रक कायम करणेबाबत.

संदर्भ : आपली दुरुस्तीपत्रे क्र. १ ते ४ (चारही एकाच आठवड्यातली).

महोदय,

१. अर्जदार गेली एकोणीस वर्षे मैदानालगतच्या टेबलावर मुख्य आकडेनोंदणीकार म्हणून बसत आहे. टेबलाचा एक पाय आखूड असल्याने त्याखाली नियमपुस्तिकेची जुनी आवृत्ती दुमडून घातलेली आहे. नव्या आवृत्तीचा आपल्या कार्यालयात काय उपयोग होतो, हे अर्जदारास आपली चार पत्रे वाचून समजले.

२. सदर सामना घरच्या संघाने ९१–८४ असा जिंकला. कर्णधारांच्या नावावर २७ गुण, ११ रिबाउंड (हुकलेल्या फेकीनंतर पकडलेले चेंडू) आणि ९ असिस्ट अशी नोंद झाली. तिन्ही रकान्यांत दोन आकडी संख्या आली की त्यास ट्रिपल डबल म्हणतात. कर्णधार एका असिस्टने राहिले. यात कमीपणा काहीच नव्हता. परंतु संघमालकांनी सामना संपायच्या आतच ट्रिपल डबलच्या अभिनंदनाचा फलक छापून घेतला होता, आणि फलक बदलण्यापेक्षा सामना बदलणे आपल्या कार्यालयास सोयीचे वाटले.

३. दुसऱ्या दिवशी सकाळी आपल्या स्वीय सहायकांनी अर्जदारास फोन केला. "अहो, एकच तर हवाय. तुमच्या घरचा जातोय का?" असे त्यांनी विचारले. अर्जदाराने त्यांना समजावले, की एकाने पास द्यावा आणि सहकाऱ्याने लगेच बास्केट करावी, तेव्हा पास देणाऱ्यास असिस्ट मिळतो. तेव्हा प्रत्येक असिस्टला एक बास्केट दाखवावी लागते. त्यावर "मग जोडून टाका की कुठल्यातरी बास्केटला," असे उत्तर आले. "तुम्हीच जोडा," असे बोलून अर्जदाराने फोन ठेवला. हे त्याचे चुकले. आपल्या कार्यालयास कोणतेही काम स्वतः करण्यास सांगू नये, हे एकोणीस वर्षांत त्यास कळायला हवे होते.

४. दुरुस्तीपत्र क्र. १ नुसार दहावा असिस्ट तिसऱ्या क्वार्टरमधील एका बास्केटला जोडण्यात आला. ती बास्केट स्वतः कर्णधारांनी केली होती. म्हणजे कर्णधारांनी चेंडू कर्णधारांकडे दिला, कर्णधारांनी तो झेलला आणि कर्णधारांच्या मदतीने कर्णधारांनी दोन गुण मिळवले. पत्रावर तीन अधिकाऱ्यांच्या सह्या आहेत. तिघांपैकी एकानेही सहीच्या वर काय लिहिले आहे ते वाचले असावे, असा आरोप अर्जदार करू इच्छित नाही.

५. अर्जदाराने ही बाब नम्रपणे निदर्शनास आणताच दुरुस्तीपत्र क्र. २ आले. आता तो असिस्ट संघातील सर्वांत उंच खेळाडूच्या, म्हणजे लंबूच्या, एका बास्केटला जोडला गेला. ती बास्केट झाली तेव्हा कर्णधार बेंचमागे आडवे होते आणि फिजिओ त्यांच्या घोट्याला पट्टी गुंडाळत होते. पडल्या पडल्या पास देणारा कर्णधार लीगच्या इतिहासात दुसरा नसावा.

६. अर्जदाराने पुन्हा कळवले. पुन्हा पत्र आले, क्र. ३. त्यात कर्णधार बेंचवर गेलेच नाहीत असे ठरवून त्यांच्या खेळाच्या वेळेत २ मिनिटे १० सेकंद वाढवण्यात आले. चाळीस मिनिटांच्या सामन्यात पाच जणांची एकूण मिनिटे दोनशे होतात, हे प्राथमिक शाळेतील गणित आहे. आपल्या पत्रकात ती २०२ मिनिटे १० सेकंद झाली. म्हणजे घरचा संघ तेवढा वेळ सहा जणांनिशी खेळत होता. आणि दोन पंच, दोन प्रशिक्षक व चार हजार प्रेक्षक यांपैकी कोणाच्याही ते लक्षात आले नाही.

७. येथवर अर्जदारास हसू येत होते. दुरुस्तीपत्र क्र. ४ वाचून ते थांबले. बेरीज जुळवण्यासाठी आपण ती २ मिनिटे १० सेकंद कर्णधारांच्या जागी उतरलेल्या राखीव खेळाडूकडून काढून घेतलीत. त्यास संघात सगळे काका म्हणतात, कारण तो चौतीस वर्षांचा आहे आणि सहा हंगाम बेंचवर बसून इतरांचे टॉवेल धरत आला आहे. तो लीगमध्ये खेळला तो एवढाच वेळ. तेवढ्या वेळात त्याने एक रिबाउंड घेतला आणि एक फाऊल केला. आपण त्याच्या नावापुढे "खेळला नाही" असे लिहिलेत. त्याचा रिबाउंड कर्णधारांना दिलात, त्यांचे बारा झाले. फाऊल मात्र कोणालाच नको होता, म्हणून तो खोडून टाकलात. त्या फाऊलबद्दल पाहुण्या संघाला दोन फ्री थ्रो मिळाले होते आणि त्यांचे दोन गुण पत्रकात तसेच आहेत. ते कशाबद्दल मिळाले हे आता कळायला मार्ग नाही. बहुधा पाहुणचार म्हणून दिले असावेत.

८. काका आता निवृत्त होत आहे. त्याने प्रशिक्षकाच्या परवान्यासाठी अर्ज केला असून, लीगमध्ये किमान एक सामना खेळल्याची नोंद ही त्यासाठी अट आहे. मुदत या महिनाअखेरीस संपते. एका शाळेने त्यास घेण्याचे कबूल केले आहे. आपल्या दोन शब्दांनी ते मोडेल. अर्जदाराने हे फोनवर सांगितले असता स्वीय सहायक म्हणाले, "दोन मिनिटं खेळला काय आणि न खेळला काय, सारखंच." अर्जदारास असल्या माणसांची किळस येते, आणि ते येथे स्पष्टपणे नोंदवून ठेवणे तो आपले कर्तव्य समजतो.

९. दुरुस्त पत्रक सहीसाठी अर्जदाराकडे पाठवण्यात आले असून, सही न केल्यास पुढील हंगामात टेबलावर दुसरी व्यक्ती बसवली जाईल असे सोबत कळवले आहे. अर्जदार सही करणार नाही. नव्या व्यक्तीस टेबलाच्या आखूड पायाची कल्पना द्यावी.

१०. तसेच कळविण्यात येते की, सामन्यानंतर तिसऱ्या दिवशी काकाचे वडील अर्जदाराच्या घरी आले होते. सहा हंगाम ते घरचा प्रत्येक सामना पाहत आले. मुलगा मैदानात उतरला नेमका तेव्हा ते पाणी आणायला बाहेर गेले होते, आणि परत येऊन बसेपर्यंत तो पुन्हा बेंचवर होता. "काय केलं हो त्यानं? तुमच्याकडे लिहिलेलं असेल," असे त्यांनी विचारले. अर्जदाराने मूळ पत्रकातील ती ओळ त्यांना वाचून दाखवली. फाऊल ऐकून ते विशेष खूश झाले. "म्हणजे घुसला होता तर," असे म्हणाले. नियमानुसार मूळ पत्रकाची एक प्रत नोंदणीकाराकडे राहते. ती अर्जदाराने सही करून त्यांना देऊन टाकली आहे.

११. तरी चारही दुरुस्त्या रद्द करून मूळ पत्रक महिनाअखेरीपूर्वी कायम करावे, ही विनंती. हे शक्य नसल्यास वरील प्रत चुकीची ठरते व ती परत घेणे आपल्या कार्यालयास भाग आहे. त्यासाठी शिपाई किंवा स्वीय सहायक न पाठवता आपण स्वतः काकाच्या वडिलांकडे जावे. घर तिसऱ्या मजल्यावर आहे, दार ते स्वतःच उघडतात. त्यांचा मुलगा खेळलाच नव्हता, हे त्यांना समोर उभे राहून सांगावे. त्यांना कमी ऐकू येते. दोन-तीनदा, मोठ्याने सांगावे लागेल.

आपला, या पत्रापुरता नम्र,

(सही)
मुख्य आकडेनोंदणीकार
दि. १९ मार्च

सोबत :
१) दुरुस्तीपत्रे क्र. १ ते ४, मूळ स्वरूपात परत.
२) दुरुस्त आकडेपत्रक, सही न केलेले.
३) काकाच्या वडिलांचा पत्ता.