नमुन्याचे लाडू

आई, आज अन्न खात्याचा माणूस माझं स्वयंपाकघर तपासून गेला, आणि तुझ्याशी बोलल्याशिवाय राहवेना. तू जाऊन इतकी वर्षं झाली, हे पत्र कुठल्या पेटीत टाकणार? तरी लिहिते.

बाबांच्या सातपूरच्या कंपनीला टाळं लागलं आणि तू बुंदीचे लाडू करून विकायला लागलीस. घर त्यावरच चालायचं, माझी कॉलेजची फीसुद्धा. घरात करून विकायलाही परवाना लागतो, हे आपल्या गावीही नव्हतं. दिवाळीच्या तोंडावर एक गृहस्थ दारात उभे राहतात, लाडू मिळतील का विचारतात. तू त्यांना आत बसवतेस, पाणी देतेस, बशीत लाडू ठेवतेस. "खाऊन तर बघा, मग न्या." ते खातात, छान झालेत म्हणतात आणि खिशातून ओळखपत्र काढतात. "काकू, मी अन्न निरीक्षक. तपासणीला नमुना घ्यायचाय." तुला वाटलं, साहेबांना लाडू आवडले, घरी न्यायचेत. तू डबा भरलास, वर आणखी थोडे ठेवलेस, "मुलांना होतील" म्हणून. ते पैसे पुढे करत होते, "घ्यावेच लागतात, नियम आहे," आणि तू हात मागे घेत होतीस. "पहिल्यांदा घरी आलात, तुमच्याकडून कसले पैसे?" शेवटी त्यांनी बशीखाली नोट ठेवली, तुझे लाडू आपल्या बाटल्यांत भरले आणि त्यांवर लाखेचं सील लावलं. ते सील बघून तुझा चेहरा उतरला. बुंदीतला पिवळा रंग वाण्याकडचा सुटा होता, पुडीवर नाव ना गाव.

तपासणीचा निकाल आलाच नाही. चांगला नाही, वाईटही नाही. वाईट आला असता तरी बरं झालं असतं गं. पोस्टमन गल्लीत दिसला की तू कढईखालचा स्टोव्ह बंद करायचीस. पुढे विकणंच सोडलंस. शेजारी भाजीची वाटी द्यायचीस, तीही पदराखाली झाकून. मी हसायचे, चोराच्या मनात चांदणं म्हणून चिडवायचे. आता हसू येत नाही.

माझ्या पोळीभाजीच्या कामाला रीतसर परवाना आहे. रंगाची पुडी मी घरात येऊ देत नाही. तरी आज तो माणूस एकेका बरणीचं झाकण उघडत होता तेव्हा मी गॅस बंद करून भिंतीशी उभी होते. सगळं ठीक आहे म्हणाला. भर उन्हातून आला होता, घामाघूम झालेला. जाताना दारात जरा रेंगाळलाही. आई, मी त्याला पाणीसुद्धा विचारलं नाही.