दम तुटला होता, नाना

प्रिय नाना,

काल तुमची शिट्टी माझ्या गळ्यात होती, म्हणून हे लिहायला बसलोय. पत्र टाकायचं कुठे, ते मला ठाऊक नाही. पण आते म्हणाली, "तू लिही तर खरां, मी वाचून दाखवतंय तेंका." म्हणजे तुमच्या फोटोसमोर बसून वाचणार, आणि माझं अक्षर बघून आधी मलाच ओरडणार. चौथीनंतर माझं शाळेशी जमलं नाही, त्याला मी काय करू?

तुम्ही गेलात तेव्हा मी रेडीला होतो, खनिजाच्या टोपल्या वाहायला. निरोप चार दिवसांनी पोचला. त्याआधी वेंगुर्ल्याला काजूवर होतो, त्याआधी देवगडला आंब्याच्या पेट्या भरायला. तिथे एक म्हातारा होता, डोळे मिटून नुसत्या वासावरून सांगायचा, हा आंबा कुणाच्या बागेतला! पण ते जाऊ दे. मी असा भलतीकडेच जातो, तुम्हाला सवय आहे.

तुमच्यामागे दोन वर्षं वाळूवर पोरांची हुतुतू झालीच नाही, नाना! पोरं होती, वाळू होती, पंच नव्हता. ज्याला त्याला विचारलं तर शिव्यांच्या भीतीने एकच उत्तर, "गाळी कोण खातलो?" यंदा पलीकडच्या वाडीची पोरं ठरवून आलीसुद्धा आणि पंचाचा पत्ता नाही. मग ती सगळी माझ्याकडे आली. मीच काय तो रिकामा दिसलो!

तुम्ही कसं सोसलंत हो हे? कपडे शिवणारा माणूस तुम्ही. ज्याच्या पोराला बाद द्यायचं, त्याचीच विजार दुसऱ्या दिवशी मशीनवर. मी एकदा विचारलं तर दातात दोरा धरून म्हणालात, "बाबल, गाळी घालणाऱ्याचा माप त्या दिवशी घेव नये. छाती दोन इंच फुगलेली असता." तुम्ही हसलात, मीही हसलो. पण मशीन चालवताना तुमचा पाय मध्येच थांबायचा, ते मी बघत होतो.

आता मुद्द्याचं लिहितो. नऊ वर्षं लिहायचं राहिलंय.

मी तेरा वर्षांचा होतो. शेवटची चढाई माझी. भरती चढत होती, सुंभाची मधली रेष ओली झाली होती. दोघांना शिवून मी परत आलो आणि रेषेच्या हातभर अलीकडे माझा दम तुटला. लाटांच्या आवाजात कुणाला कळलं नसतं. तुम्ही मात्र माझ्या बाजूने वाकून धावत होतात. म्हणालात, "बाद. दम तुटलो."

बाबा रिंगणात घुसले. स्वतःच्या बहिणीच्या नवऱ्याला, सगळ्या वाडीसमोर! "कान शिवून घेतलंस काय रे? स्वतःच्या भाच्याक बुडयलंस!" आणखी काय काय बोलले ते आतेला वाचायला नको. त्या दिवसापासून ते तुमच्या दारात आले नाहीत. तुम्ही गेलात त्या दिवशीसुद्धा लांब माडाखाली उभे होते म्हणे.

तुम्ही तेव्हा एकदाच माझ्याकडे बघितलंत. मी वाळूकडे बघितलं. एक शब्द बोललो असतो तर? आणि तुम्ही तरी का नाही विचारलंत मला? कान पिळून विचारायचं होतं! मी सांगून टाकलं असतं. कदाचित गाव सोडून भटकलोही नसतो. हे मात्र खरं नाही, भटकलो असतोच.

काल काय झालं ऐका. दाजी तांडेलाचा पोरगा सुर्या चढाईला गेला. मी तुमच्यासारखाच वाकून धावलो. त्याचा दम तुटला, मी बाद दिला. दाजी उठलाच!

"गावात चार दिस ऱ्हवणा नाय, नि हो पंच! ज्येका आपला घर गावणा नाय, त्येका माझ्या झिलाचो दम गावलो?"

सगळे हसले. बायका ओरडायला लागल्या, पलीकडच्या वाडीचे बाप कंबर कसून पुढे आले. एकाने तर आपल्या पोराला दंडाला धरून ओढत न्यायला सुरुवात केली. आणखी दोन वर्षं खेळ बंद, मला दिसतच होतं. माझे पाय सवयीने एस्टीच्या वाटेकडे वळले, खोटं कशाला सांगू?

आणि कसं ते कळलं नाही, मी हात जोडले आणि तोंडातून गाऱ्हाणंच निघालं. जत्रेत देवळासमोर घालतात तसं, मोठ्याने. "बा देवा म्हाराजा!"

आपली माणसं तुम्हाला माहीत आहेत. गाऱ्हाणं सुरू झाल्यावर उत्तर न देण्याची कुणाची छाती आहे? दाजीने शिवीसाठी तोंड उघडलं होतं, त्यातून बाहेर पडलं, "व्हय म्हाराजा!"

मग मी थांबलोच नाही. "ह्याच वाळवेर माझो दम तुटललो, म्हाराजा!" "व्हय म्हाराजा!" "नानांनी खरां ता सांगल्यानी. माझ्या बापाशीन तेंका गाळी घातल्यान, आणि मी गप ऱ्हवलंय. ती चूक पदरात घी, आणि ह्या पोरांचो खेळ सरळ पार पाड रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

मग उपड्या होडीमागून एकट्याचाच आवाज आला, उशिरा, घोगरा. "व्हय म्हाराजा." मान वर करून बघायचं माझं धाडस झालं नाही. बाबांचा आवाज मला ओळखता येतो.

खेळ पुरा झाला, नाना! आपली वाडी एका गुणाने हरली. दाजी जाताना म्हणाला, "गाराणां घालूक कोणी सांगल्यान तुका? आता गाळी तरी कशी घालू?" आणि सुर्याला खांद्यावर घेऊन गेला.

आज सकाळी बाबा आतेच्या ओट्यावर येऊन बसले. आतेने चहा ठेवला.

पुढच्या रविवारी पलीकडच्या वाडीत बोलावलंय. तिथे शिव्या पोटभर मिळणार, आणि गाऱ्हाणं काही दरवेळी घालता येत नाही. तरी मी जाणार. पावसाळा लागेपर्यंत गावातून हलणार नाही, आतेसमोर कबूल केलंय. चुकीचा बाद दिला तर तिथेच सगळ्यांदेखत चुकलो म्हणेन. आणि बाद झालेला एखादा पोरगा वाळूकडे बघत उभा दिसला, तर त्याच दिवशी त्याच्या घरी जाऊन त्याच्या शेजारी बसेन. तो बोलेपर्यंत उठणार नाही.

तुमचा भाचा,
बाबल