सफारीपुढचा समुद्र

६ मे

ठरलं! आफ्रिकेतली सफारी संपली की मी सगळ्यांबरोबर अमेरिकेत, ट्रॉयला मुलाकडे परत येणार नाही. सुलेखा आणि आमच्या इथल्या मराठी मंडळातल्या आणखी दोघी तिथून पुढे झांझिबारला जातायत, आठवडाभर समुद्रावर. मीही जाणार. एजंटला हो म्हणून टाकलं. घरात अजून बोलले नाही.

समुद्र मी पाहिलाय, एकदाच. गणपतीपुळ्याला. सगळं सासर पाण्यात आणि मी काठावर चपला, घड्याळं, पाकिटं सांभाळत उभी. नागपूरला परतल्यावर शेजारणी विचारायच्या, कसा होता समुद्र? काय सांगणार? लांब होता!

९ मे

जेवताना सांगितलं. केदारचा घास हातातच राहिला. "आई, सफारीला आम्ही हो म्हटलंच ना?" म्हटलंच ना! जशी काही रजा मंजूर केली होती माझी.

प्रीता जपून बोलली. "आई, त्या एजंटकडे व्हॉलंटियरिंग पण आहे ना, शाळेत शिकवायचं वगैरे? तसं काही असतं तर समजू शकलो असतो."

म्हणजे सेवा चालेल, मजा नको! सूनबाई, तुमच्या घरात मी दुसरं काय करतेय — हे अगदी ओठांवर आलं होतं. गिळलं.

१० मे

गिळायला नको होतं.

१४ मे

मी नसताना नातीला, अनिकाला, बघायला प्रीताची आई येणार — नीलांबरीताई, श्रूजबरीहून. मी आले की त्या लगेच परत, कारण तिकडे त्यांच्या मुलाचं, संजयचं, तान्हं बाळ. दोन आज्यांवर दोन घरं चालतात आमची. आम्ही विहिणी भेटतो ते एअरपोर्टवर, एक येताना, एक जाताना. "फ्रीजमध्ये इडलीचं पीठ आहे." "अनिकाला खोकला आहे." झालं बोलणं!

आज केदारने तेच काढलं. "तुझ्या बीचपायी त्यांचं सगळं शेड्यूल कोलमडणार. किती ऑकवर्ड, आई!"

बरोबर दुखऱ्या जागी बोट ठेवलं. मुलाला नाही म्हणता येतं मला. पण माझ्या मजेसाठी त्या बाईला राबवायचं?

१५ मे

अनिका बसची वाट बघताना म्हणाली, "आजी, आर यू रनिंग अवे?" म्हटलं, हो, थोडीशी. "कॅन आय कम?" तिला जवळ घेतलं. पण जाणार म्हणजे जाणार.

१८ मे

केदारने परस्पर एजंटला फोन करून माझं नाव काढायला सांगितलं! ती बाई शहाणी, तिने मला विचारलं. माझी औषधं, बँक, फोनचे पासवर्ड सगळं तोच बघतो, तेव्हा हेही त्याचंच खातं असं वाटलं असेल. मी तिला सांगितलं, पासपोर्ट माझा, पाय माझे. नाव राहू दे.

संध्याकाळी त्याला विचारलं. "आई, तुझ्याच भल्यासाठी—" म्हटलं, माझं भलं मला कळतं. पुन्हा असं करायचं नाही. रागारागात पोळ्या लाटल्या, फुगल्या मात्र झकास!

१९ मे

नीलांबरीताईंना मीच फोन केला. मुलांच्या तोंडून कशाला कळायला हवं? सगळं सांगितलं आणि विचारलं, आठवडाभर जास्त राहाल का? पलीकडे नुसतं बाळाचं रडणं. मग "बघते" म्हणाल्या आणि ठेवून दिला.

वाईट वाटलं. फार वाटलं. तरी नाव काढलं नाही.

२१ मे

नीलांबरीताईंचा फोन. "आठवडाभर जास्त नाही राहणार मी," म्हणाल्या. मग पुढे, "सिंह-बिंह मला नकोत. तुमची सफारी होईपर्यंत अनिकाला बघते आणि तिथून सरळ समुद्रावर येते. खोली दोघींची घ्या. पोरांना मी सांगितलंय, आपापली लेकरं आता तुम्हीच बघा."

खाली केदार फोनवर संजयला विचारतोय, तुम्ही बेबीसिटर कशी शोधताय?