शुद्ध म्हणून ठेवलेली हळद

६ जाने., सोम.
प्रोजेक्टच्या जोड्या मॅडमनी स्वतःच लावल्या. का, ते सांगितलं नाही. मला म्हसवडची वैष्णवी. (पुढे वै., नाव लांब आहे.) फार हसते माझ्याकडे बघून. विषय: हळदपुडीतली रंगाची भेसळ. नऊ पुड्या नऊ दुकानांतल्या. दहावी शुद्ध हवी, तुलनेसाठी. ती माझ्या आत्याची. तिच्यापेक्षा शुद्ध हळद सांगलीत कोण देणार!

९ जाने., गुरु.
ॲसिडचे थेंब टाकले की कुठलीही हळद गुलाबी होते. वर पाणी ओतलं की खरीचा गुलाबी जातो, रंग घातलेलीचा राहतो. एवढीच टेस्ट.
दुकानांतल्या आठ ट्यूबचा गेला. एका दुकानाचा राहिला, तिथला दुकानदार मान वर करून बोलतच नव्हता.
आत्याच्या हळदीचाही राहिला.
लेबलं वै.ने लावली होती. मी तेव्हा पाणी आणायला गेले होते. पाच मिनिटं.

१० जाने., शुक्र.
सरळ विचारलं, लेबलं बदललीस का. "मी कशाला बदलू गं? मला काय मिळणार हाय?"
तेच तर शोधतेय. पुण्याच्या इंटर्नशिपला मॅडम एकाच मुलीचं नाव पाठवणार आहेत.

१२ जाने., रवि.
आत्याकडे. संक्रांतीची गडबड, हळदीकुंकवाच्या वाणासाठी छोट्या पुड्यांचा ढीग. वर तिचं नाव आणि 'घरगुती'. अर्धी गल्ली तिच्याकडूनच विकत नेते.
ॲडमिशनच्या वेळी बाबा (फौजेतून रिटायर, वडूजला) म्हणत होते, प्रायव्हेट युनिव्हर्सिटी आणि ते बायो-काय-ते कशाला. तेव्हा आत्याच भांडली. "दादा, तू नुसती सही कर. पोरगी शिकंल. मी हाय की सांगलीत." तिच्यामुळे मी इथे आहे.
नवी पुडी घेतली. माझ्या हाताने, माझ्या पर्समध्ये.

१३ जाने., सोम.
वै.ला न सांगता एकटीने केली. तीन ट्यूब. पाणी ओतूनही तिन्ही गुलाबीच्या गुलाबी. ॲसिडची बाटली बदलली. पुन्हा तेच. दुपारचं लेक्चर बुडवून त्या ट्यूब बघत बसले.
वै.ला सॉरी म्हणावं लागणार.

१५ जाने., बुध.
म्हटलं. "मला म्हाईत होतं तू मलाच धरलंयस. माझ्याम्होरं डबा बी उघडंना झालीस." लाज वाटली. खरंच उघडत नव्हते.
मग तीच म्हणाली, "गिरणीवाला करत असंल. आत्या कशाला करतील?"
जीव भांड्यात पडला. गिरणीवाला! मला तो पहिल्यापासून आवडत नाही.

१९ जाने., रवि.
गिरणीत जाऊन आले. दळताना कोण असतं, एवढंच विचारलं. "आत्याबाई सोता हुब्या ऱ्हात्यात, ताई. हळकुंडं त्येंची, पिशवी त्येंची. मी काय हात लावत न्हाई." बोलताना सारखा कान खाजवत होता. खोटं बोलत असणार.
आत्याला मात्र काही विचारलं नाही. जगावर संशय घेते मी, वडूजला मला पोलीस म्हणतात. आणि तिच्यासमोर बसून तिळाच्या वड्या खाऊन आले.

२६ जाने., रवि.
झेंडावंदन करून आत्याकडे. आमटी मी टाकली. हळदीसाठी समोरची वाणाची पुडी फोडायला घेतली, तर आत्या बाहेरच्या खोलीतून उठून आली.
"त्यातली नगं. फडताळात बरणीत हाय बग."
का गं?
"वाणाची मोजून ठिवलीया."
बरोबर आहे. मोजलेलीच असणार.
बरणीतली वेगळी आहे का, विचारलं. "येगळी कशानं? हळकुंडं तीच, गिरणी तीच." पुडी माझ्या हातातून काढून घेतली. म्हणाली, हात धू आधी.
आमटी चांगली झाली होती. दोनदा घेतली.
निघताना बरणीतली चमचाभर कागदात बांधून आणली. चोरून. आत्याच्या घरातून मी पहिल्यांदाच काही चोरलं.

२७ जाने., सोम.
उद्या मॅडमना तक्ता द्यायचा आहे. शुद्ध नमुन्याची ओळ कोरी. वै. म्हणते, "शुद्ध दुसरीकडनं आणू. आत्यांचं नाव कशाला घालायचं?" एवढ्या चांगुलपणाने का वागतेय? ...नको. पुरे.
बरणीतली ट्यूबमध्ये घातली. ॲसिड टाकलं. गुलाबी झाली. आता पाणी.
गुलाबी राहिला तर आत्याही फसलीय, आम्ही दोघी तेच खातोय अडीच वर्षं, मी सांगलीत आल्यापासून. गेला तर घरची शुद्ध, विकायची रंगाची; म्हणजे तिला माहीत आहे.
वै. विचारतेय, "ओततीस का मी ओतू?"
राहू दे गं. आमच्या घरात भेसळ निघू दे.