अकोल्याहून आलेला ‘हं’

२१ जुलै, सोमवार
माझं आयुष्य बदललं ते आज सकाळी १०:१७ ला. वेळ मी नाही सांगत, सॉफ्टवेअर सांगतं. आमच्या फवारणी पंपाच्या कंपनीत नवीन ॲप आलं आहे, त्यात प्रत्येक कॉल आपोआप रेकॉर्ड होतो. म्हणजे आता माझ्याकडं पुरावा आहे.

झालं असं. तेल्हाऱ्याचे डोमाजी म्हणून शेतकरी लाईनवर. पंप गळतो, वायसर (रबरी वॉशर) पाहिजे. वायसर अकोल्याच्या स्टोअरमध्ये. स्टोअरमध्ये भावना. मी अमरावतीत. आमच्यात शंभर किलोमीटर आणि एक एक्स्टेंशन. डोमाजींना होल्डवर टाकलं, भावनाला जोडलं. नवीन बटणं अजून हातात बसली नाहीत, पण जमलं.

वायसर आहे म्हणाली. मग मी सुरू झालो. कॉलेज अर्ध्यात का सोडलं (सरांनी आवाज चढवला, मी दार आदळून निघालो, वरची काच फुटली). डोकं तापतं पण मन साफ आहे. मागच्या मीटिंगला तिनं पोह्याची पहिली प्लेट मलाच दिली, ते मी विसरलो नाही. ती मध्येमध्ये फक्त ‘हं’ म्हणत होती. सर्दी झाली असावी, आवाज जाड येत होता. तोही गोड.

शेवटी विचारलं, रविवारी येऊ का?
‘या. पण लवकर या.’
पुढचं ऐकवेना. हेडफोन काढून गॅलरीत जाऊन उभा राहिलो.
एकूण चौदा मिनिटं.
संकल्प: आजपासून कस्टमरवर चिडणं बंद.

२२ जुलै, मंगळवार
एका कस्टमरवर चिडलो. परतवाड्याचा होता आणि सुरुवात त्यानं केली. संकल्प उद्यापासून.
भावनाला दोनदा फोन लावला, उचलला नाही. मेसेज टाकला: रविवारी किती वाजता? दोन निळ्या टिका, उत्तर नाही. मुली आधी बोलून जातात, मग लाजतात.

२३ जुलै, बुधवार
मोतिया रंगाचा शर्ट घेतला. आईनं विचारलं, अकोल्याले कायले चालला? म्हटलं, कंपनीचं काम. ती म्हणाली, ‘कंपनीले नवा शर्ट लागते का रे?’ चिडलो नाही. संकल्प पाळला गेला.

२४ जुलै, गुरुवार, दुपारी
शेजारच्या टेबलवरचा धर्मेंद्र म्हणाला, ‘अबे, ती पोरगी तुह्यासंग वायसरच्या वर एक शब्द बोलत नाही.’ डोकं सटकलं.

दर शनिवारी आमची दोन्ही ऑफिसं मिळून एक आदर्श कॉल स्पीकरवर ऐकतात. कॉल ज्यानं त्यानं सुचवायचा असतो. मी सोमवारचा सुचवला. १०:१७ चा. आमचे मॅनेजर खुशालराव म्हणाले, पहिले स्वतः ऐकून घे. म्हटलं, त्यात ऐकायचं काय, मीच तर बोललो.

२५ जुलै, शुक्रवार
भावनाचं उत्तर आलं: ‘कोणता रविवार?’
चिडवते. जवळचं समजल्याशिवाय कोणी चिडवत नाही.

२६ जुलै, शनिवार
अकोलेवाले व्हिडिओवर. भावना पुढच्या खुर्चीत. सर्दी उतरलेली दिसली.

ॲपमध्ये प्रत्येकाच्या आवाजाची वेगळी पट्टी दिसते. दोन पाहिजे होत्या, तीन आल्या. धर्मेंद्र म्हणाला, ‘हे तिसरं कोन रे?’

निळी माझी. हिरवी भावनाची: ‘वायसर आहे, उद्याच्या एसटीनं पाठवून देऊ. ऑर्डर टाका.’ दीड मिनिटात तिनं फोन ठेवला. पुढं हिरवी पट्टी एकदम सपाट. पिवळी डोमाजींची. होल्ड समजून मी तिघांचा कॉल जोडायचं बटण दाबलं होतं. सगळे ‘हं’ पिवळे निघाले.

पोह्याची प्लेट स्पीकरवर आली तेव्हा भावना वहीत काहीतरी लिहायला लागली. खुशालरावांना बंद करा म्हटलं. ते म्हणाले, ‘थांब, कस्टमर बोलून राहिला.’

‘या. पण लवकर या, फवारनी अडली माही.’ मग माझ्या खुर्चीचा आवाज. मी गॅलरीत गेलो होतो तो. रिकाम्या हेडफोनमध्ये डोमाजी बोलतच होते: ‘अन भाऊ, ते बाई तं कवाच्याच गेल्या. तुमी मनातलं बोलून राहिले होते, म्हून म्या अडवलं नाही.’

कोणी हसलं नाही. हसले असते तर भांडता आलं असतं. भावनानं एकच विचारलं, ‘अनुपदादा, वायसर पोचलं का त्याइले?’

नव्हतं पोचलं. ऑर्डर मी टाकलीच नव्हती.

उठलो. राजीनामा देतो म्हटलं. आमच्या ऑफिसच्या दारालाही वर काच आहे, ती मी नीट पाहून ठेवली. खुशालरावांनी शोकेसमधला पंप खोलला, त्यातलं वायसर काढलं आणि माझ्या हातावर ठेवलं. म्हणाले, ‘दे बाबू राजीनामा. पहिले उद्या तेल्हाऱ्याले जाऊन हे बसवून दे. रविवारचं तूच कबूल केलं आहे. लवकर जाजो.’

वायसर नव्या शर्टाच्या खिशात टाकलं. दारापर्यंत गेलो.
‘अन दार लावजो, एसी सुरू आहे.’
बाहेर आलो. दार लावलं.