गाळातला आपला तुकडा

धरणवसाहत, ता. खानापूर
रविवार, ९ नोव्हेंबर २०२५

चि. रचनास,

बाबांचे अनेक आशीर्वाद. पत्रास कारण की, माझी एक गंभीर तक्रार आहे. दिवाळीला मी तुला मोबाईलवर दीड पानी शुभेच्छा पाठवल्या. त्यात दोन श्लोक स्वतः रचलेले, वृत्तात कुठे गफलत नाही. उत्तरादाखल तू पिवळा अंगठा पाठवलास. आपल्या घरात अंगठा लावणारी शेवटची बाई म्हणजे तुझी पणजी. दोन पदव्या घेऊन तू ती परंपरा पुन्हा सुरू केलीस. म्हणून हा कागद.

बाकी ठीक. स्वयंपाक मीच करतो आणि मीच जेवतो, त्यामुळे नावं ठेवायला कुणी नाही.

धरणाचं पाणी बाटल्यांच्या कारखान्याला विकायचं ठरतंय, त्याचा पर्यावरण अहवाल पंचायतीत आला. कानडीतला, म्हणून लोकांनी मला वाचायला बसवलं. शेवटच्या पानावर अहवाल करणाऱ्यांत तुझं नाव होतं. ते मी जरा मोठ्यानंच वाचलं. मग आधीची पानं वाचली. ‘जलाशयाच्या पात्रात शेती आढळली नाही. विक्रीसाठी उन्हाळाभर पाणी साठवून ठेवल्यास कुणाचंही नुकसान होणार नाही.’

अगं, जमिनीवर घडा नाही असं म्हणायला आधी जमीन दिसावी लागते, एवढं न्यायशास्त्र मी तुला आठवीत शिकवलं होतं. तुमची मंडळी आली श्रावणात. तुडुंब पाण्याखाली पीक दिसणार कसं?

होळीनंतर पाणी हटतं तसे आपण सगळे आपापल्या बुडालेल्या रानात उतरतो. बांध उरलेले नाहीत. चिंचेचा बुंधा आणि जुन्या विहिरीचा काठ बघून ज्यानं त्यानं आपलं ओळखायचं. गाळात वाळकांचे वेल, चवळी लावायची, पहिलं वाळूक पाण्याला द्यायचं. तुला हे मी कशाला सांगतोय? तुझी आई गेल्यापासून आपला तुकडा मीच पेरतो. वाळकं कडू निघतात, पण निघतात.

दोष एकट्या तुमचाही नाही. जमीन सरकारजमा झालेली. त्यामुळे कुठलाही साहेब येऊन ‘पेरता का?’ म्हणाला की नाही म्हणून मान हलवायची, ही आपल्या वसाहतीची जुनी खोड. ज्योतिबाअण्णांनी दंडाच्या भीतीनं तुमच्या साहेबांनाही हात जोडून सांगितलं, “न्हाय ओ सायेब, गाळात कोण पेरतंय?” साहेबांनी तेच लिहून घेतलं. आता अण्णा कपाळाला हात लावून बसलेत.

मी तेव्हा शाळेत शिकवत होतो. शेजारच्या नागुबाई परवा बोलून गेल्या, “मास्तर, तवा रचना आलती की वो. गाडीत बसलती. मी हात केला, तर पोरीनं काच वर घेटली बगा.”

मी म्हटलं, “ऊन लागत असेल.”

“श्रावणात कुठलं वो ऊन?”

आपल्या घराची किल्ली अजून नागुबाईंकडेच असते. माहीत असावं म्हणून लिहिलं.

महिनाअखेरीस या अहवालावर सुनावणी आहे. अण्णा म्हणाले, “त्यात तुमच्या पोरीचं नाव हाय मास्तर. तुम्ही गप बसा, आमी बगतो.” भलेपणानं म्हणाले. पण दंडाला भिऊन तिथं कुणी तोंड उघडणार नाही, हे त्यांनाही ठाऊक आहे. मी उठणार आहे. सांगणार आहे की मी पेरतो, माझी बायको पेरत होती, आणि माझी मुलगी तिथली वाळकं खात वाढली. त्या वेळी तू समोर खुर्चीवर असशील. तुझ्या नोकरीचं पुढं काय होईल ते मला कळत नाही.

माहीत असून तू गप्प का राहिलीस, हे विचारण्यासाठी हे पत्र नाही. तशी चार पत्रं लिहिली आणि चुलीत घातली.

पाण्याची काळजी आहेच. लोकांचीही आहे. पण खरं सांगतो रचना, मी बोललो की त्यानंतर तू या घरी कधीच येणार नाहीस, याची मला फार भीती वाटते.

सुनावणीच्या दिवशी दोघांचं जेवण झाकून ठेवणारा,
तुझा
बाबा